हन्नाबाईचे दिवस

ज्या गावात कोणी कोणाची वाट पाहत असतं, त्या गावी शांतवन महाराज न बोलावता जातात, असं त्यांच्या भक्तमंडळीत म्हटलं जाई. त्या वर्षी नाताळाआधीच्या आठवड्यांत ते निंबारीला उतरले. प्रवरेच्या काठी, बाभळीच्या रानाला टेकलेलं हे गाव. अंगावर घोंगडी, हातात चिपळ्या, काखेत पवित्र शास्त्राची झिजलेली प्रत, एवढाच महाराजांचा संसार.

गावातल्या ख्रिस्ती मंडळीचे मुख्य पंच पौलसराव ढगे. त्यांनी आपली माडी झाडून घेतली होती. महाराजांनी हात जोडले. म्हणाले, "नाताळ होईपर्यंत मी गोठ्यातच बरा. पाहुण्याची वाट तिथंच पाहायची असते."

आणि ते कोंडाजी गवंड्याच्या गोठ्यात राहिले.

कोंडाजीची बायको हन्नाबाई. ही गोष्ट तिची आहे.

हन्नाबाईला मूल नव्हतं. लग्न झालं तेव्हा दारातली बोर तिच्या कमरेएवढी होती, आता तिची सावली घरावर पडत होती. केस पिकायला लागले. महिना चुकत चुकत शेवटी थांबूनच गेला. कोंडाजीनं तिला कधी बोल लावला नाही. तो दुसऱ्यांची घरं बांधायचा आणि संध्याकाळी येऊन आपल्या ओसरीवर गप्प बसायचा, एवढंच. तिलाही आता मूल हवं असं म्हणवत नव्हतं. मागणं आटलं होतं, ओढ तेवढी तशीच होती. तिनं ती एका लहानशा गोष्टीवर आणून ठेवली होती.

पाळण्याची दोरी.

निंबारीच्या ख्रिस्ती देवळात नाताळाला पाळणा बांधत. शिसवी, कोरीव, वर लाकडी राघू. त्यात कापडाचा बाळ येशू ठेवायचा, बायांनी पाळणा म्हणायचा आणि एकेकीनं येऊन दोरी ओढायची. पण दोरीला हात लावायचा तो लेकुरवाळीनं. हा नेम पंचांचा. हन्नाबाई दर वर्षी पाळण्याची धूळ पुसायची, राघूंना तेल लावायची, आणि गाणं सुरू झालं की भिंतीशी जाऊन उभी राहायची. एकदा, फक्त एकदा, ती दोरी आपल्या मुठीत यावी. तिचा दाब हाताला कळावा. एवढंच.

◦

नाताळाचं कीर्तन.

महाराज उभे राहिले. विषय होता तारणाराच्या जन्माची देवाची योजना. ते सांगत होते की ही काही ऐन वेळी सुचलेली गोष्ट नव्हे. माणसाला एदेन बागेचं दार बंद झालं त्याच दिवशी देवानं हा जन्म मनात धरला होता.

तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून पौलसराव बोलले. त्यांची जीभ अशी, की लोक आधीच हसायला तयार असत.

"महाराज, योजनेचं आम्हाला नका सांगू. आमच्या पाटाची पण योजनाच आहे. आज्याच्या काळी साहेब येऊन खुंट्या ठोकून गेला. खुंट्या कुजल्या, पाणी काय आलं नाही."

देऊळभर हशा पिकला. महाराजही हसले. मग चिपळ्या खाली ठेवत म्हणाले, आता पाळणा म्हणूया, आणि भिंतीकडे वळून त्यांनी हाक मारली, "हन्नाबाई, पुढे ये. पहिली दोरी तुझी."

तिला वाटलं, दुसऱ्या कुणाला बोलावलं. मग सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती दोन पावलं पुढे आली.

"थांबा वहिनी," पौलसराव म्हणाले. "महाराज, तुम्ही परगावचे, तुम्हाला ठाऊक नाही. हे लेकुरवाळीचं काम. आणि आमच्या वहिनीचं म्हणाल तर," ते लोकांकडे वळले, "वहिनीचे दिवस गेले!"

मराठी माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. पोरींनी पदर तोंडाला लावले. म्हातारे खोकल्याच्या निमित्तानं हसले. हन्नाबाई जिथल्या तिथे उभी राहिली, दोरीपासून हातभर अंतरावर.

महाराज मात्र पौलसरावांकडे फार कौतुकानं पाहत होते.

"दिवस गेले म्हणता?"

"म्हंजे, सरले, महाराज."

"नाही, नाही. पहिला शब्दच बरोबर होता." आणि ते डोळे मिटून गाऊ लागले:

*युगे युगे गेली । वाट पाहताना ।*
*कुणी म्हणे ना ना । येत नाही ॥*
*पृथ्वीचिया पोटी । वाढे एक दिस ।*
*देव मोजी त्यास । मायेपरी ॥*

मग सावकाश, एकेकाकडे बघत, ते बोलत गेले. अब्राहाम बिनलेकराचा म्हातारा झाला, म्हणाला, दिवस गेले. बाबिलोनात धरून नेलेले लोक नदीकाठी रडत बसले, म्हणाले, दिवस गेले. यशया संदेष्टा गेला, मीखा गेला, वाट पाहणारे सगळे मातीत गेले, आणि उरलेले म्हणाले, आता काय, दिवस गेले. माणूस हे रडून म्हणत होता. देव तेच शब्द ऐकत होता आणि म्हणत होता, होय, गेलेत. माझ्या सृष्टीला दिवस गेलेत. आता ते भरणार. आणि काळ भरला तेव्हा मरिया बेथलेहेमात होती, उतारशाळेत जागा नाही म्हणून गोठ्यात.

आता कोणी हसत नव्हतं.

"रोमच्या कैसरानं शिरगणतीचा हुकूम काढला," महाराज म्हणाले. "त्याला वाटलं आपण माणसं मोजतोय. त्याच्याच हुकमानं मरिया नेमक्या गावी पोहोचली. मोठ्या माणसांच्या तोंडून देव कधी कधी आपलं काम सांगतो, त्यांना पत्ता नसतो. पौलसराव, तुमचा आभारी आहे."

त्या दिवशी दोरी कोणी ओढली, ते हन्नाबाईनं पाहिलं नाही. ती घरी निघून गेली होती.

◦

महाराज पुढच्या गावी गेले.

पौष. काही नाही.

माघ. काही नाही. तिला भाकरीचा वास नकोसा झाला, तर तिनं पित्त समजून सुंठ खाल्ली.

फाल्गुन. विहिरीवर झोपाळल्यासारखी बसून राहिली. बायांनी घागर भरून डोक्यावर दिली.

चैत्र. पोट.

महिना तर केव्हाच थांबलेला, तेव्हा मोजायचं कशावरून? गाव म्हणालं, गाठ आहे. पौलसराव म्हणाले, ते तर उघडच आहे, तालुक्याला दाखवा. कोंडाजीनं तोंडात घास घ्यायचं सोडलं. हन्नाबाई रोज पहाटे पोटावर हात ठेवून उताणी पडे. ज्या गोष्टीची आपण आयुष्यभर वाट पाहिली तिचं नाव घ्यायचं तिला धाडस होत नव्हतं. गाठ असेल तर असू दे, पण कोणी ती नक्की करून सांगू नये.

वैशाखात गाठीनं लाथ मारली.

ती कोणाशी बोलली नाही. गोठ्यात गेली, बैलाच्या मानेला मिठी मारून उभी राहिली, आणि रडली की हसली ते बैलालाच ठाऊक.

◦

आश्विनातली दुपार. कालपासून कळा येत होत्या आणि विरत होत्या. आत साळू सुईण. तिचा चेहरा हन्नाबाईला दिसू नये म्हणून ती सारखी पाठ फिरवत होती.

कोंडाजी पौलसरावांच्या दारी गेला. त्यांची बैलगाडी मिळाली तर तालुक्याच्या दवाखान्यात नेता येईल. गडी पाठवतील असं वाटलं होतं, पण पौलसराव स्वतः गाडी जुंपून आले. साळू म्हणाली, आता हलवायचं नाही, गाडीच्या धक्क्यानं वाटेतच संपेल. कोंडाजीला वाटलं, पौलसराव परत जातील. ते गेले नाहीत. बैलांचे कासरे हातात धरून ते अंगणातच उभे राहिले.

कुडाच्या भिंतीतून हन्नाबाईला सगळं ऐकू येत होतं. बैलांच्या घुंगरांचा आवाज. कोंडाजीचे हुंदके. मग पौलसरावांचा आवाज, अगदी हळू, थट्टेचा लवलेश नसलेला.

"कोंडाजी, तिचे दिवस भरले रे."

बाळंतपणाला आलेल्या बाईविषयी हे शब्द सगळेच म्हणतात. मरणाच्या दारातल्या माणसाविषयीही म्हणतात. पौलसराव कोणत्या अर्थानं म्हणाले, ते तिला कळलं. कारण एक गोष्ट तिला ठाऊक होती.

पौलसरावांची बायको लुदिया पहिल्याच बाळंतपणात गेली. तिचं डोकं हन्नाबाईच्या मांडीवर होतं. बाळही राहिलं नाही. त्या बाळासाठी करवून आणलेला शिसवी पाळणा पौलसरावांनी देवळात नेऊन टाकला आणि त्या दिवसापासून ते देवाच्या प्रत्येक गोष्टीवर हसू लागले. हन्नाबाईनं त्यांना कधी उलट उत्तर दिलं नाही. लोकांना ती गरीब गाय वाटे. तिला मात्र त्या माणसाच्या हसण्यात दरवेळी लुदियाचं ओरडणं ऐकू येई.

अंगणात पावलं वाजली. घोंगडी झटकल्याचा आवाज आला. "राम राम" नाही, "जय ख्रिस्त" नाही, महाराजांनी सरळ विचारलं:

"काय म्हणालात, पौलसराव?"

महाराजांची पावलं आणखी जवळ आली.

"दिवस भरले, असं म्हणालात. मोठ्यानं म्हणा. तिला ऐकू जाऊ द्या."

"महाराज!" कासरे जमिनीवर आपटले. "माझ्या लुदियाचे पण दिवस भरले होते. तेव्हा कुठं गेली होती तुमची योजना?"

हन्नाबाईची कळ मध्येच थांबली. तिलाही ते उत्तर ऐकायचं होतं. आपण मरणार असू तर मरण्याआधी ऐकायचं होतं.

मग महाराज खाली मातीत बसल्याचा आवाज आला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

आणि पुढे: "तारणारा जन्मला त्या बेथलेहेमातही हेरोद राजानं लेकरं मारली, पौलसराव. तिथल्या आया रडल्या, त्यांना कोणी योजना समजावली नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की देवानं आपला मुलगा पाठवला तो त्याच रडणाऱ्यांत. सुखाच्या घरात नाही. तुमच्या घराच्या भिंतीला लागून."

पौलसराव श्वास घेत होते ते असे, की आत साळूनंही मान वर केली.

महाराज उठले आणि भिंतीजवळ आले. त्यांनी कुडावर बाहेरून तळहात ठेवला. भाविकहो, आतल्या बाजूला त्याच ठिकाणी हन्नाबाईची पाठ टेकलेली होती. शेण-मातीचा तो कूड ऊन लागल्यासारखा उबदार झाला. ती ऊब तिच्या कण्यातून खाली उतरली आणि विरलेली कळ पुन्हा आली. मोठी, पूर्ण, कसलीही आडकाठी न मानणारी.

"आलं, आलं," साळू म्हणाली. "दम धर माय."

आणि ते आलं.

निळं. मुकं.

साळूनं त्याला उलटं धरलं, पाठीवर चापट्या दिल्या, तोंडात बोट घालून चिकटा काढला. पुन्हा चापट्या. मग तिचा हात हळू झाला. हन्नाबाईनं तो हात हळू होताना पाहिला.

बाहेरही सगळ्यांना कळलं. जन्माच्या वेळची शांतता लपत नाही.

तेव्हा उंबरठ्यापाशी कोणी तरी धावत आलं. महाराज नव्हते, कोंडाजी नव्हता. लुदियाच्या मरणापासून जो माणूस देवाशी एक शब्दही सरळ बोलला नव्हता, तो दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून ओरडत होता:

"देवा, हिचे दिवस भरलेत! भरलेत ना? मग दे! आमच्या वेळी नाही दिलंस, आता दे!"

बाळानं हात ताठ केले. एक बारीक, चिडका आवाज निघाला, जणू एवढ्या आरड्याओरड्यानं कोणी झोपमोड केली. मग रडणं. खरंखुरं, लालबुंद, घर भरून टाकणारं रडणं.

कोंडाजी अंगणात बैलाच्या गळ्यात पडला.

◦

मुलगी होती.

साळूनं नाळ कापली, बाळाला जुन्या लुगड्यात गुंडाळून हन्नाबाईच्या कुशीत दिलं. ते वजन हातावर आलं तेव्हा तिला काही सुचेना. ती नुसती बघत राहिली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते आता तिचं बोट धरत होतं.

दारातून तिला अंगण दिसत होतं. पौलसराव महाराजांपुढे गुडघ्यांवर आले होते. पागोटं काढून मातीत ठेवलं होतं. ते काही तरी पुटपुटत होते. योजना, थट्टा, जीभ, असे तुटके शब्द तेवढे येत होते. त्यांनी महाराजांच्या पायांकडे हात नेला. महाराज दारातून हळूच बाजूला सरकले, त्यामुळे पौलसरावांचं डोकं टेकलं ते हन्नाबाईच्या उंबरठ्यावर.

"असंच असू द्या," महाराज म्हणाले. "आज दर्शन माझं नाही. ज्याला कैसराच्या गर्दीत जन्मायची लाज वाटली नाही, तो इथंच कुठं तरी आहे."

पौलसराव उठेनात. खांदे हलत होते. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष पाऊल टाकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आणि दारातून मागे वळणंही जमत नव्हतं.

हन्नाबाईनं लुगड्याचं टोक बाजूला करून बाळाचं तोंड दाराकडे केलं.

"भावजी," ती म्हणाली, "असे बाहेर का? आत या. जागा आहे."