तांबुलीची आग

झाडं आणि दगड बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. उंबराखाली खारीच्या पिल्लाचा पाय वारुळावर पडला आणि तांबुली नावाची लाल मुंगी घाबरून त्याला कडकडून चावली. तिच्या अंगातलं आम्ल पिल्लाच्या पायात उतरलं. पिल्लू आगीने कळवळू लागलं. तांबुलीला ते बघवेना. ती शेजारच्या चुनखडीकडे धावली.

"मावशी, माझी आग मला परत घेता येत नाही गं!"

"आम्लाने मी झिजते, बाळ," चुनखडी म्हणाली. "तरी ने चिमूटभर."

तांबुलीने ती भुकटी ओल्या पायावर पसरली. बारीक फेस आला आणि आग निवली.

"मावशी, तुझा चुना गेला!"

"तुझं आम्लही गेलं ना त्याच्याबरोबर."

पिल्लाने डोळे पुसले आणि तांबुलीला पाठीवर घेतलं.