खाऱ्या तळ्यातलं अंडं

पाखरं नदीशी बोलत असत तेव्हाची ही गोष्ट आहे. एका मोठ्या खाऱ्या तळ्यातल्या बेटावर तांबी नावाच्या रोहित पक्षिणीने चिखलाचं घरटं रचून एकच अंडं घातलं होतं. काठावर कोल्हा होता, पण पाण्यात उतरायला तो भीत असे. तांबी रोज पाण्यात उभी राहून आपल्या पायावर खोली बघायची. गुडघ्याएवढं पाणी घोट्याला आलं, तेव्हा आता कोल्हा चालत येईल, असं ती नवऱ्याला म्हणाली.

"उगाच घोर लावून घेतेस," नवरा म्हणाला. त्यालाच अंड्यावर बसवून ती नदीकडे उडाली.

"नदीबाई, तळ्याकडे येत का नाही तुम्ही?"

"अगं, वाटेतच ऊस मला कालव्यातून ओढून घेतो. आणि तुझं तळं खारट, घोटभर कुणी पीत नाही. त्यात पाणी ओतून काय उपयोग?"

"पिण्यासाठी नकोय हो. अंड्याभोवती कुंपण म्हणून हवंय."

नदीने उसाकडे पाहिलं. ऊस म्हणाला, "माझं एवढं एक पाणी होऊ दे, मग सोडतो." ते झालं की म्हणे, आणखी एकच. तांबी चार दिवस त्याच्या बांधावर बसून राहिली.

पाचव्या दिवशी उसाने पाणी सोडलं. तांबी नदीबरोबरच तळ्यावर परतली.

"आले गं बाई! बघ, बेटाच्या चारी बाजूंनी उभी राहिले," नदी म्हणाली.

रिकाम्या घरट्यापाशी नवरा मान खाली घालून उभा होता. चिखलात कोल्ह्याची पावलं उमटली होती आणि त्यांत आता पाणी भरत होतं.

तांबी म्हणाली, "आता कशाभोवती उभ्या राहिलात, बाई?"