डोणीतला धाकू

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हाच्या राजाचं नाव त्याच्या पणतवंडांनाही आठवत नसेल. त्याच्या राज्याच्या टोकाला, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, एक गाव होतं. गावाच्या टोकाला मिठागर होतं आणि मिठागराच्या टोकाला चांगुणेचं घर. म्हणजे टोकाच्याही टोकाला. तिथे कोण कशाला जातंय!

चांगुणेचा नवरा होडी घेऊन गेला तो आलाच नाही. होडीची फळीसुद्धा परत आली नाही. मूलबाळ नव्हतं. दिवसभर ती मिठागरात खपायची, तेव्हा काही वाटायचं नाही. पण संध्याकाळी एका माणसाचा भात चुलीवर चढला, की घर खायला उठायचं. भात झाला, चल जेवायला, असं म्हणायलाही कुणी नाही. मग ती भाताशीच बोलायची. हसू नका. एकट्या घरात राहून बघा, म्हणजे कळेल.

त्या गावाची एक रीत होती. पावसाळा सरून होड्या पहिल्यांदा समुद्रात गेल्या, की पहिल्या जाळ्यातला सगळ्यात लहान जिवंत मासा बाजूला काढायचा आणि गावातल्या एका बाईने तो परत पाण्यात सोडायचा. याला म्हणायचे ‘वाटेला लावणं’. दर वर्षी वेगळ्या घराची पाळी. नियम एकच. माशाला नाव द्यायचं नाही, हाक मारायची नाही, गुमान सोडायचं आणि घरी यायचं. असं का, ते कुणी सांगत नसे. म्हाताऱ्या म्हणायच्या, "आम्ही विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका." झालं! एवढ्यावर गाव गप्प बसायचं.

एका वर्षी चांगुणेची पाळी आली. तिची शेजारीण येसू, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याची, तांडेलाची बायको, तिने कळशी चांगुणेच्या हाती दिली. कळशीत गोब्र्याचं पिल्लू होतं, तळहातावर मावेल एवढं. गोब्रा म्हणजे खडकांच्या कपारीत राहणारा मासा. पुरता वाढला, तर उचलायला दोन गडी लागतात. पण त्या दिवशी कळशीत होता तो जेमतेम चार बोटं.

चांगुणा पाण्याच्या कडेला आली आणि वाकली. तेवढ्यात कळशीतून आवाज आला, "इथे अंधार आहे गं. तू कोण?"

त्या काळी मासे बोलायचे. चांगुणेला माशाच्या बोलण्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते याचं, की आपल्याला कुणीतरी काहीतरी विचारलं!

"मी चांगुणा," ती म्हणाली. "आणि तू माझा धाकू."

नाव दिलं, तिथेच सगळं फिसकटलं. कळशी तशीच पदराखाली धरून ती घरी आली.

घराच्या मागच्या पडवीत एक दगडी डोण होती. नवरा होता तेव्हा त्यात मिठागराचं पाणी साठवायचे. चांगुणेने ती घासून धुतली, खाडीचं ताजं पाणी भरलं आणि धाकूला आत सोडलं. तो वाढला तर काय, ही शंका तिला आली नाही असं नाही. पण सगळं गाव म्हणायचं, मासा भांड्याएवढाच वाढतो. विहिरीतले मासे बघा, जन्मभर बोटाएवढेच राहतात की नाही! अहो, ते मासे जातीचेच बोटाएवढे. पण एवढा विचार करतो कोण? आपल्याला हवं तेच कुणी बोललं, की आपण लगेच मान डोलावतो.

पहिले दिवस मोठ्या आनंदाचे गेले. ती सकाळ-संध्याकाळ हंड्याने पाणी बदलायची, खाडीतली बारकी कोलंबी त्याला घालायची. भाताचं ताट घेऊन डोणीच्या काठाशी बसायची. धाकू गोल गोल फिरायचा आणि नाही नाही ते विचारायचा.

"समुद्र केवढा असतो गं?"

"असेल या डोणीहून थोडा मोठा," चांगुणा म्हणायची आणि दुसरीकडे बघायची.

आता खोटं एकदा सुरू झालं, की त्याला सोबत लागते. वाटेला लावायचा मासा घरी ठेवला, हे गावाला कळलं असतं तर गावाने तिला उभं केलं नसतं. म्हणून तिने पडवीचं बाहेरचं दार कुडाने आणि मातीने लिंपून कायमचं बुजवलं. पुढचं दारही लावून घ्यायला लागली. येसू अधूनमधून वाटीभर कालवण घेऊन यायची, उंबऱ्यावर टेकायची, नवऱ्याला चार शिव्या घालून मोकळी व्हायची. तिला आतून उत्तर मिळायला लागलं, "अंग दुखतंय गं, मग ये." मग ये, मग ये असं किती वेळा ऐकून घ्यायचं? येसूलाही मान होता. ती यायची थांबली. तिच्यामागून कधीमधी येणाऱ्या बाकीच्या बायकाही थांबल्या. सोबतीसाठी आणलेल्या माशापायी चांगुणेला होती नव्हती ती सोबतही गेली.

वर्षं सरत होती आणि धाकू वाढत होता. डोणीला वाढता येत नव्हतं, तो मात्र थांबेना. घाबरून चांगुणेने त्याचं खाणं तोडलं. मूठभर कोलंबीच्या जागी चिमूटभर. तरी तो वाढलाच, फक्त अंगाने वाळला. डोकं मोठं, पोट खपाटीला. आधी त्याला फेरी मारता यायची, मग नुसती कूस बदलता यायची. शेवटी नाक एका भिंतीला टेकलं, शेपूट दुसऱ्या भिंतीला दुमडली आणि पाठीला बाक आला. बोलणंही कमी झालं. चांगुणेला वाटायचं, मोठा झाला, शहाणा झाला, म्हणून कमी बोलतो. माणूस स्वतःची समजूत काय काय घालतो!

एका संध्याकाळी ती ताट घेऊन नेहमीच्या जागी बसली.

"आज मीठ काय पांढरंशुभ्र पडलंय रे!"

धाकूचे कल्ले तेवढे हलले.

"रागावलास का?"

"नाही," धाकू म्हणाला. "चांगुणे, तू कुठे बसली आहेस?"

"ही काय, तुझ्या शेपटीशी. रोज इथेच तर बसते."

"मला वळता येत नाही गं. यंदाचा पाऊस संपला तेव्हापासून मी तुला पाहिलेलं नाही. आवाज येतो, म्हणजे तू असशील, असं धरून चालतो."

चांगुणेचा हात भातातच राहिला. एवढे दिवस ती समजत होती, घरात आता आपण दोघं आहोत. दोघं होती खरी, पण दोघंही एकटी होती. एकाला दुसरं दिसत नव्हतं आणि दुसरीला ते कळलंही नव्हतं.

"समुद्र खरंच डोणीहून थोडाच मोठा आहे का?" धाकूने विचारलं.

"नाही रे," ती हुंदके देत म्हणाली. "त्याला दुसरा काठच दिसत नाही. मी खोटं बोलले. मला कुणी नव्हतं, म्हणून तुझं असं वाटोळं केलं."

तिने त्याच्या पोटाखाली हात घातले. तो हलेना. तो धापा टाकत होता, डोणीतलं पाणी आता त्यालाच पुरत नव्हतं. एकटीने हे होणारं नव्हतं. गावाला हाक मारावी, तर गाव तोंड बघणार नाही. न मारावी, तर धाकू इथेच मरणार. लिंपलेल्या दाराकडे तिने एकदा पाहिलं आणि भाताच्या हातानेच येसूच्या अंगणात धावत गेली.

"अगंबाई!" येसू म्हणाली. "आज दार उघडं राहिलं वाटतं?"

चांगुणेने रडत रडत सगळं सांगितलं. ऐकून येसूने कपाळावर हात मारला.

"बाई गं, तो वाटेला लावायचा होता, पाळायचा नव्हता," ती म्हणाली. "यावरून मी तुझ्याशी उद्या भांडणार आहे. पोटभर भांडणार आहे. आधी चल!" आणि आत तोंड करून ओरडली, "अहो, शीड काढा! ओलं करून आणा! गडी बोलवा!"

पडवीचं दार चांगुणेने स्वतः पहारीने फोडलं. तांडेलाने आणि गड्यांनी ओल्या शिडाच्या झोळीत धाकूला घेतलं आणि खाडीच्या भरल्या पाण्यात सोडलं.

धाकूने एक फेरी मारली. डोणीएवढी. मग दुसरी मारली, तीही डोणीएवढीच. पुढे समुद्र उघडा पडला होता आणि हा आपला तेवढ्यातच गोल फिरत होता.

"ओहोटी लागली," तांडेल म्हणाला. "आता गेला नाही, तर गाळात रुतून मरेल."

चांगुणा कमरेएवढ्या पाण्यात शिरली. "जा, धाकू! जा रे बाळा, जा!"

तिचा आवाज ऐकून धाकू वळला. आता त्याला वळता येत होतं. त्याने तिला डोळे भरून पाहिलं आणि तिच्या हाताशी येऊन थांबला. ती जा म्हणाली, की तो जवळ यायचा. पुन्हा म्हणाली, की आणखी जवळ. पाणी उतरत चाललं होतं.

"चांगुणे, हाक मारू नकोस गं!" येसू काठावरून ओरडली. "तू बोलतेस तोवर तो जायचा नाही!"

म्हाताऱ्यांचा नियम चांगुणेला तेव्हा कळला. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. इतकी वर्षं तिला एकच भूक होती, कुणाशी तरी दोन शब्द बोलावेत. आता बोलणारा समोर होता आणि तिला गप्प राहायचं होतं.

"चांगुणे?" धाकू म्हणाला. "तू आहेस ना?"

ती काही बोलली नाही.

"चांगुणे?"

ती पाठ फिरवून उभी राहिली. धाकू थोडा वेळ थांबला. मग त्याने फेरी मारली, ती डोणीहून जराशी मोठी होती. पुढची आणखी मोठी. मग उतरत्या पाण्याबरोबर तो निघून गेला. चांगुणेने वळून पाहिलं तेव्हा पाणी तिच्या गुडघ्याखाली गेलं होतं.

धाकूच्या पाठीचा बाक कधीच गेला नाही. होड्यांवरची माणसं सांगायची, खाडीच्या तोंडाशी खडकात एक भला मोठा गोब्रा आहे, वाकडा पोहतो. तिथे कुणी जाळं टाकत नसे. चांगुणा ऐकायची, पण त्या बाजूला जाऊन तिने कधी हाक मारली नाही.

येसू मात्र बोलल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी आली आणि पोटभर भांडली. भांडता भांडता दुपार झाली, म्हणून तिथेच जेवली. पडवीचं दार पुन्हा बुजवलं गेलं नाही. काही संध्याकाळी कुणी यायचं, काही संध्याकाळी कुणीच नाही. कुणी नसलं, की चांगुणा रिकाम्या डोणीशी ताट घेऊन बसायची. जीव तुटायचा तिचा. पण त्या डोणीत तिने पुन्हा कुणाला ठेवलं नाही.

तर लहानथोरांनो, या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: जो समुद्रात वाढायला जन्मला, त्याला आपलं एकटेपण घालवायला डोणीत ठेवू नये; सोबत हवी असेल, तर आपलं दार उघडावं.