ठिपकीच्या खोक्याला वास का येतो?

ऐका. चुळबुळ नको. मांडी घाला आणि ऐका.

सोनबा सुताराच्या घरी एक मांजरीचं पिल्लू होतं. अंगावर ठिपके. नाव ठिपकी. पडवीत तिचा एक लाकडी खोका होता. खोक्यात लाकडाचा भुसा होता. ठिपकी खोक्यात जायची. उकरायची. बसायची. झाकायची. खरखर, खरखर. मग गोधडीत शिरायची. झोपायची.

एके दिवशी काय झालं? खोक्याला वास आला. एवढासा नाही. मोठा वास! नाकात शिरला. डोळ्यांत पाणी आलं.

सोनबाची बायको येसूकाकू. तिने नाकाला पदर लावला. गोधडी उचलली. घडी केली. वर फळीवर ठेवली.

"शी, शी, शी! वास जाईल तर गोधडी देईन. नाही गेला, तर आज रात्री तू अंगणात."

ठिपकी फळीकडे बघत बसली. फळी उंच. ठिपकी लहान. बाहेर थंडी. अंगणात झोपायचं? बाप रे!

पण ठिपकी रडली नाही. तिने नाक वर केलं. सूं सूं, सूं सूं.

"रोज नाही येत असा वास," ती म्हणाली. "आजच का येतो?"

आणि निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

आधी गेली खोक्याकडे.

"खोकेदादा, खोकेदादा, वास घालव!"

"का गं?"

"काकू गोधडी देईना,
ठिपकीला झोप येईना!"

खोका म्हणाला, "मी काय करू? माझ्या पोटात भुसा कुजलाय. नवा भुसा पडेल, तर वास घालवीन. नाही तर नाही."

भुसा कोण पाडतं? करवत पाडते. ठिपकी निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

करवत भिंतीला टांगली होती. सूं सूं! तिला सागाचा वास होता. चांगला होता.

"करवतबाई, करवतबाई, भुसा पाड!"

"का गं?"

"खोका वास घालवीना,
काकू गोधडी देईना,
ठिपकीला झोप येईना!"

करवत म्हणाली, "एवढा वास? पोट बिघडलंय का तुझं?"

"नाही. पोट बरं आहे."

"मग मला काय ठाऊक! माझे दात झालेत बोथट. कानस धार लावील, तर भुसा पाडीन. नाही तर नाही."

ठिपकी निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

कानस पेटीत पडली होती. काळी, खरखरीत. सूं सूं! तिला लोखंडाचा वास होता.

"कानसमावशी, कानसमावशी, धार लाव!"

"का गं?"

"करवत भुसा पाडीना,
खोका वास घालवीना,
काकू गोधडी देईना,
ठिपकीला झोप येईना!"

कानस म्हणाली, "शिळा मासा खाल्लास का गं?"

"नाही. भाकरी खाल्ली. ताक प्याले."

"मग नवलच आहे. पण मला हात आहेत का? नाहीत. काका मला धरील, तर धार लावीन. नाही तर नाही."

ठिपकी निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

सोनबाकाका ओट्यावर बसला होता. भिंतीला टेकून. डोळे मिटून. सूं सूं! त्याच्या हाताला सरसाचा वास होता. सरस म्हणजे लाकूड चिकटवायची खळ.

"काका, काका, कानस धरा!"

काकाने एक डोळा उघडला. "का गं?"

"कानस धार लावीना,
करवत भुसा पाडीना,
खोका वास घालवीना,
काकू गोधडी देईना,
ठिपकीला झोप येईना!"

"तुला झोप येईना आणि मला जाग येईना," काका म्हणाला. "खोक्यावर कुणी झाकण ठेवलंय का? कोंडलं की वास वाढतो."

"नाही. झाकण नाही. वरून उघडा आहे."

"मग कशाचा वास?"

"तेच तर मी विचारते!"

"विचार, विचार. पण माझा घसा कोरडा आहे. किटली चहा देईल, तर कानस धरीन. नाही तर नाही."

आणि काकाने डोळा मिटला.

ठिपकी निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

किटली चुलीजवळ बसली होती. पोट मोठं, चोच बारीक. सूं सूं! तिला आल्याचा वास होता. ठिपकीला शिंक आली. फिस्स!

"किटलीताई, किटलीताई, चहा दे!"

"का गं?"

"काका कानस धरीना,
कानस धार लावीना,
करवत भुसा पाडीना,
खोका वास घालवीना,
काकू गोधडी देईना,
ठिपकीला झोप येईना!"

किटली म्हणाली, "तू पाणी पितेस ना पोटभर? पाणी कमी पडलं की शू उग्र होते."

"पिते. वाटीभर पिते. लपलप पिते."

"शहाणी आहेस. पण माझ्याकडे दूध नाही. बिनदुधाचा चहा तुझा काका ओतून देतो. शेळी दूध देईल, तर चहा देईन. नाही तर नाही."

ठिपकी निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

शेळी मागच्या दारी बांधली होती. सूं सूं! अबब! शेळीला वास होता. खूप होता.

"शेळीआत्या, तुझाच वास खोक्यात जातो का?"

शेळीने मान उडवली. "बें! आली मोठी नाक घेऊन. माझा वास माझ्याजवळ. वाटलं तर परत हुंग."

ठिपकीने परत हुंगलं. सूं सूं. खरंच. हा वास वेगळा. खोक्याचा वेगळा.

"चुकलं, आत्या. आता दूध दे!"

"का गं?"

"किटली चहा देईना,
काका कानस धरीना,
कानस धार लावीना,
करवत भुसा पाडीना,
खोका वास घालवीना,
काकू गोधडी देईना,
ठिपकीला झोप येईना!"

शेळी म्हणाली, "सकाळपासून पानसुद्धा नाही पोटात. दूध कुठून येईल? काकू पाला घालील, तर दूध देईन. नाही तर नाही. बें!"

ठिपकी निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

येसूकाकू स्वयंपाकघरात होती. भाकरी थापत होती. थप थप, थप थप.

"काकू, काकू, पाला घाल!"

"का गं?"

ठिपकीने मोठा श्वास घेतला.

"शेळी दूध देईना,
किटली चहा देईना,
काका कानस धरीना,
कानस धार लावीना,
करवत भुसा पाडीना,
खोका वास घालवीना,
काकू गोधडी देईना,
ठिपकीला झोप येईना!"

काकू म्हणाली, "शेळीकडे जायची वाट कुठून? पडवीतून. पडवीत काय? तुझा खोका! त्या वासातून मी नाही जायची. वास जाईल, तर पाला घालीन. नाही तर नाही."

घ्या! झालं?

ठिपकी मटकन खाली बसली. काकूपासून निघाली. फिरून काकूपाशीच आली. आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नाही.

बाहेर सूर्य झाडामागे गेला. सावल्या लांब झाल्या. थंडी दारात येऊन बसली.

ठिपकीने शेपूट पायाभोवती गुंडाळली. विचार केला.

वास घालवा, वास घालवा, सगळे म्हणतात. पण वास आला कुठून? कुणालाच ठाऊक नाही.

"मीच बघते," ठिपकी म्हणाली.

ती खोक्याकडे गेली. नाक मुठीत धरून गेली. मांजराला मूठ नसते. तरी धरलं. भुशाला पंजा लावला. पचक!

"अगंबाई! भुसा ओला! खोकेदादा, भुसा ओला का?"

"पाणी पडतं."

"मी शू करते ती एवढीशी. एवढं पाणी कुठलं?"

"वरून येतं. धो करून येतं. मी डोळे मिटून घेतो."

ठिपकीने वर पाहिलं. कौलं कोरडी. पाऊस नाही. दोरीवर धुणं नाही. माठ लांब, चुलीपाशी. मग पाणी कुठून येतं?

ठिपकी खोक्यामागे लपली. कान टवकारले. मिशा ताठ केल्या. हलली नाही. डुलली नाही.

दार वाजलं. कर्र...

उंबऱ्यात येसूकाकू. नाकाला पदर. हातात तांब्या.

"शी, शी, शी! अजून वास! थांब, मारते पाणी."

आणि लांबूनच फेकलं.

धोऽऽ!

अर्धं खोक्यात. अर्धं ठिपकीवर.

"म्यांऽऽव!"

काकू दचकली. तांब्या हातातून पडला. ठण् ठण् ठण्!

"अगो बाई, तू इथे? भिजलीस की!"

ठिपकीने अंग झाडलं. फडफडफड! मग काकूकडे पाहिलं.

"काकू, पाणी का मारलंस?"

"वास येतो म्हणून. सकाळी जरासा आला, म्हणून मारलं. दुपारी मारलं. तरी जाईना, म्हणून आता मारलं."

"वास का येतो?"

"भुसा कुजलाय म्हणून."

"भुसा का कुजलाय?"

"ओला आहे म्हणून."

"ओला का आहे?"

काकूने खोक्याकडे पाहिलं. तांब्याकडे पाहिलं.

"ओला आहे..." काकू हळूच म्हणाली, "मी पाणी मारते म्हणून."

ओट्यावरून काका हसला. खो खो खो! "तरीच म्हणतो, माठ दुपारीच का संपतो! वास आला की पाणी, पाणी आलं की वास. झकास चाललंय!"

"पुरे, पुरे," काकू म्हणाली. "तुम्ही दिवसभर डोळे मिटून बसलात. निदान त्या लेकराने डोळे उघडे ठेवले."



काकूने पदर खोचला. श्वास धरला. आणि कुणाला विचारत न बसता खोका उचलला. मागे खड्ड्यावर नेला. कुजका भुसा टाकला. भसकन! वर माती ओढली. नारळाच्या शेंडीने खोका घासला. खसाखसा! कोरड्या फडक्याने पुसला. मग चुलीशेजारी, उबेला ठेवला.

पडवी मोकळी झाली. वाट मोकळी झाली. काकू शेळीकडे गेली.

आता बघा!

काकूने पाला घातला. कचर कचर!
शेळीने दूध दिलं. सर्र सर्र!
किटलीने चहा दिला. भुर्र!
काकाने कानस धरली.
कानशीने धार लावली. किर्र किर्र!
करवतीने भुसा पाडला. खसर खसर, खसर खसर!
भुसा खोक्यात पडला. पिवळा, कोरडा, हलका.

खोका परत पडवीत आला.

सगळे जमले. काका आला. काकू आली. शेळीने दोर ताणून मान आत घातली.

ठिपकी खोक्यात शिरली. उकरलं. बसली. झाकलं. खरखर, खरखर. बाहेर आली.

काकू वाकली. या वेळी नाकाला पदर नव्हता. सूं सूं, सूं सूं.

"येतो का वास?" काकाने विचारलं.

"येतो," काकू म्हणाली.

ठिपकीचे कान पडले. काकाचं तोंड उघडं राहिलं.

"सागाचा!" काकू म्हणाली. आणि हसली.

मग ती फळीकडे गेली. टाचा उंच केल्या. गोधडी काढली. आधी तिने ठिपकीला पुसलं. कान पुसले. मिशा पुसल्या. शेपूट पुसली. मग चुलीजवळ गोधडी अंथरली. दुहेरी अंथरली.

"ये गं बाई. तुझीच आहे."

ठिपकी आत शिरली. एकदा गोल फिरली. दोनदा गोल फिरली.

"काकू..."

"आता काय?"

"उद्या भुसा ओला झाला तर?"

"ओला तेवढा काढीन. कोरडा घालीन. पाणी नाही मारायची."

"आणि तरी वास आला तर?"

"तर तुला विचारीन. झोप आता."

घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

काकू भाकरीत,
काका चहात,
भुसा खोक्यात,
ठिपकी गोधडीत,
आणि गोष्ट तुमच्या कानात.
ती सांडू नका. झोपा.