वीरभद्रअप्पांचे कुलूप

एका गावात वीरभद्रअप्पा नावाचे भुसार व्यापारी राहत. माणूस दानशूर, पण दिलेल्या वस्तूवरून त्यांचा हात काही सुटत नसे. नात गिरिजा शिकून गावातली पहिली मास्तरीण व्हावी, हा त्यांचा ध्यास. शाळेत मुलींसाठी संडास नाही असे कळताच त्यांनी तो स्वखर्चाने बांधून दिला. पांढऱ्या फरश्या, पाण्याची टाकी, दारावर आईचे नाव. पोरी घाण करतील म्हणून दाराला कुलूप घातले आणि किल्ली आपल्या कमरेला लावली. कुणी साहेब आले की अप्पा स्वतः उघडून दाखवत. साहेब वाहवा करत आणि अप्पांच्या अंगावर मूठभर मांस चढे.

मुली मोठ्या होऊ लागल्या तशी पंचाईत झाली. पाळीच्या दिवसांत कपडा बदलायला आडोसा नाही, आणि किल्ली मागायची तर भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. एकेक पोर आधी त्या दिवसांपुरती घरी राहू लागली, मग कायमचीच. अप्पा म्हणत, "आळशी कार्ट्या!"

एके दिवशी मधल्या सुट्टीत गिरिजाच दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"अप्पा, किल्ली द्या ना."

"कशाला गं?"

गिऱ्हाइके वळून पाहू लागली. तिने मान खाली घातली.

अप्पांना कळले नाही असे नाही. लेकी वाढवलेला माणूस तो! पण नातीला दिली तर उद्या साऱ्या गावच्या पोरींना द्यावी लागेल, असे त्यांच्या मनात आले. "परवा साहेब यायचेत. तोवर दम धर," ते म्हणाले.

पोरीने दम धरला. संध्याकाळी ती परकरामागे दप्तर धरून भिंतीच्या कडेकडेने घरी आली. दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेली नाही. अप्पा रागावले, मग गयावया करू लागले. ती एवढेच म्हणाली, "पोरं हसली, अप्पा. आता मला तिथं बसवत नाही." घरी बसलेली पोर किती दिवस ठेवायची, म्हणून वर्षभरात तिला उजवून टाकली.

नात सासरी गेल्यावर अप्पांनी कुलूप काढून विहिरीत फेकले. बैल गेला नि झोपा केला! ते दार आता दिवसभर उघडे असते. फरश्या अजून लखलखीत आहेत, कारण वापरायला वरच्या वर्गात एकही मुलगी उरलेली नाही.

तात्पर्य: जी सोय मागताना मुलीला चारचौघांत लाज सोसावी लागते, ती असून नसल्यासारखीच, आणि उशिरा काढलेले कुलूप गेलेल्या मुलीला शाळेत परत आणत नाही.