येसाजीचा तराफा आणि माळांची गाडी

फार पूर्वी वस्तू तोंडावर बोलत आणि माणसांना ते ऐकून घ्यावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. येसाजी भोयाचा तराफा दोन लांब, पोकळ पिंपांवर तरंगायचा. दसऱ्याला तो दुसऱ्या तळ्यावर न्यायचा होता.

अंगणात दोन गाड्या होत्या. एक उसाची, नुकतीच पुजलेली, झेंडूच्या माळांनी सजलेली. दुसरी बुटकी, रंग उडालेली. पण तिच्या दोन लांब फळ्या बरोबर पिंपांखाली येत.

“मला बुटकीवर ठेव,” तराफा म्हणाला.

“सणासुदीला त्या खटाऱ्यावरून? लोक काय म्हणतील!” असं म्हणत येसाजीने त्याला उसाच्या गाडीवर चढवलं.

ती गाडी अरुंद होती. पिंपं दोन्हीकडे अधांतरी लोंबली आणि सगळा भार तराफ्याच्या मधल्या फळ्यांवर आला. दर खड्ड्याला तराफा ओरडत होता, येसाजी मात्र लोकांना रामराम करत होता. वाटेत एका पिंपाचा सांधा उकलला. तळ्यात उतरताच त्या पिंपात पाणी शिरलं आणि तराफा एका अंगावर कलला.

ओशाळलेल्या येसाजीने गाडीवरची माळ काढून तराफ्याला घातली.

“काढ ती आधी!” तराफा कडाडला. “सगळं गाव गाडीच्या माळा बघत होतं. तू तरी एकदा वाकून माझ्याखाली बघायचं होतंस!”