वाळण्याचे दिवस

अर्ध्यावर विद्या सोडून गेलेला शिष्य परततो आणि गुरू होकार-नकार न देता त्याच्या हाती एखादे काम सोपवतो, या कथेची रूपे सांगणाऱ्यागणिक बदलतात. कुठे शिष्य मूर्तिकाराचा असतो, कुठे गवयाचा. एका रूपात तर गुरू त्याला ओळखतच नाही. वैद्याच्या शिष्याच्या रूपात त्याचा गोंधळ सर्वांत दीर्घकाळ टिकतो, म्हणून तेच येथे घेतले आहे.

एकदा एक तिशी ओलांडलेला मनुष्य आपल्या जुन्या गुरूंच्या, एका वृद्ध वैद्यांच्या, दारी आला. आठ वर्षांपूर्वी वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तो पाठशाळा सोडून गावी गेला होता. घरचा तेलघाणा चालवीत त्याने त्यांची शुश्रूषा केली. आता वडील गेले होते.

"गुरुजी, पुन्हा शिकायचे आहे. घ्याल का मला? आणि घेतलेत, तर पहिल्यापासून बसू, की सोडले तिथून?"

वैद्यांनी आवळ्याचे चूर्ण असलेला खल त्याच्यापुढे ठेवला. "याला आवळ्याच्याच रसाच्या सात भावना दे. रस घाल, घोट, वाळव. मग पुन्हा रस. सात वेळा झाले की बोलू."

हे तर पहिल्या वर्षाचे काम! ही परीक्षा होती, की सौम्य नकार? त्याला काहीच उमगेना. नवा वर्ग बसायला आठ दिवस उरले होते, आणि पहिल्या पाठाची दुसरी ओळसुद्धा त्याला आठवत नव्हती. त्यात अंगणातून जाणारी पोरे थांबत.

"काका, रोगी पलीकडच्या ओट्यावर बसतात हं!"

"गप रे, आपल्याच वर्गात यायचे आहेत ते."

"मग काका म्हणायचे, की नुसते नावाने हाक मारायची?"

तो कसनुसा हसे आणि अधिक जोराने घोटू लागे. तिसऱ्या दिवशी चूर्ण ओले असतानाच त्याने पुढचा रस ओतला, संध्याकाळी आणखी. सहाव्या दिवशी सात भावना पूर्ण झाल्या. पण खलात आंबूस वासाचा लगदा होता आणि त्यावर बुरशी धरली होती.

वैद्यांनी तो लगदा केळीच्या बुंध्याशी टाकून दिला. "एवढी घाई कशाची झाली होती?"

"आठ वर्षे वाया गेली, गुरुजी. ती भरून काढायची होती."

"ओल्यावर घातलेला रस चूर्णात शिरत नाही. ते पुरते वाळते, तेव्हाच पुढचा रस पिते. वाळण्याचे दिवस औषध करण्याच्या दिवसांतच धरायचे असतात. वडिलांना आठ वर्षे कुशीवर वळवलेस. निजल्या माणसाच्या पाठीला व्रण कसा पडू द्यायचा नाही, हे या पोरांपैकी कोणाला ठाऊक आहे?"

"पण पाठांतर सगळे गेले हो!"

"गेलेच आहे. ते पुन्हा करावे लागेल, त्यातून सुटका नाही. सातही वेळा रस तोच असतो, बाळ. चूर्ण मात्र तेच राहिलेले नसते."

"म्हणजे... घेतलेत मला?"

"वर्ग परवा बसतो," वैद्य म्हणाले आणि खल धुवायला त्याच्या हाती दिला.

दोन दिवसांनी वर्ग बसला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांमध्ये तो मांडी घालून बसला आणि त्याने पहिल्या पाठाची पहिली ओळ म्हटली.